पानसेंना दाखवायचं बेट

६ मे, शनिवार. सकाळ

काल सलवाला पानसेंकडे जेवायला होतो. आमटी उत्तम झाली होती. माझा राग आमटीवर नाही. राग त्यानंतरच्या कार्यक्रमावर आहे.

राजन पानसे पुण्याचे. इथे कुवेतमध्ये आमच्याच कंपनीत, माझ्याच ग्रेडवर. ईदच्या सुट्टीत मॉरिशसला जाऊन आले. जेवणं झाल्यावर त्यांनी दिवे बारीक केले आणि भिंतीएवढ्या टीव्हीवर फोटो लावले. पानसे बोटीत. पानसे कासवाशेजारी. सुरुचीवहिनी नारळाशेजारी. परत पानसे, दुसऱ्या शर्टात. उठून जाता येईना, कारण आईस्क्रीम शेवटी होतं.

एका फोटोत हिरवानिळा समुद्र आला. मी सहज म्हणालो, असा रंग खरा नसतो, फोनमध्ये सेटिंग असतं. त्यावर पानसे सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचंही बरोबर आहे गायधनी. फिंतासच्या चौपाटीपलीकडे समुद्र बघितलाय कुठे तुम्ही?"

सगळे हसले. चारुशीलाही हसली. बाकीचे थांबले तरी ती हसतच होती. बायको आहे ती माझी.

मी आईस्क्रीम दोनदा घेतलं. येताना गाडीत निर्णय झाला. पानसेंना उत्तर मिळणार. मॉरिशस फिकं पडेल असं बेट. तिथून रोज फोटो. परत आल्यावर आमच्या घरी कार्यक्रम, दिवे बारीक करून, आणि आईस्क्रीम अगदी शेवटी.

आजपासून रोजनिशी. सूड पद्धतशीर घ्यायचा तर रेकॉर्ड हवं. प्लांटमध्येही आम्ही तेच करतो.

९ मे, मंगळवार

बेट सापडलं. थायलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ. नाव इथे लिहीत नाही, वही कोणाच्या हाती लागायची. थेट समुद्रावर व्हिला, लाकडी डेक, डेकवर झोपाळा. जुलैमध्ये अर्ध्याहून कमी भावात. कारण विचारलं तर वेबसाइट म्हणते 'ग्रीन सीझन'. म्हणजे झाडं हिरवी असतात. लोकांना हिरवळीचं मोल नाही म्हणून स्वस्त. पानसेंसारखी माणसं गर्दीच्या मागे जातात, तिप्पट पैसे देतात. अभ्यास केला की असं होत नाही.

जुईलीला सांगितलं. तिने फोनवरून नजर न काढता उत्तर दिलं, "डॅड, इट्स मॉन्सून देअर. लिटरली." तिला म्हटलं, मॉन्सून वेगळा आणि ग्रीन सीझन वेगळा. ती म्हणाली, "ओके."

यंदा बारावी. पुढच्या वर्षी पुण्याला कॉलेज. तोवर तरी बापाचं ऐकेल असं वाटलं होतं.

१२ मे, शुक्रवार

चारूचा विरोध. तिला जुलैमध्ये सिन्नरला आईकडे जायचंय. दरवर्षी आपण डिसेंबरमध्ये जातो, पाऊस म्हणून बघायला मिळत नाही, माहेरची भिजलेली माती कितीतरी वर्षांत पाहिली नाही, वगैरे. मी तिला सांगितलं की डिसेंबरमध्ये सिन्नर नक्की. आधी मान, मग माहेर.

ती म्हणाली, "कुणाचा मान?"

बायकांना मोठं चित्र दिसत नाही. शेवटी म्हणाली, जुईली जायच्या आधी तिघं मिळून कुठेतरी जाऊ, एवढंच मला हवंय, कुठेही चला. याला मी होकार समजतो.

२० मे, शनिवार

महबूलात आमच्या बिल्डिंगखालीच अफताबची ट्रॅव्हल एजन्सी आहे. अफताब हैदराबादचा. त्याने कराक चहा मागवला, तारखा बघितल्या आणि म्हणाला, "गायधनीसाब, इस मौसम में उधर मछली भी छुट्टी पे जाती है."

याला काय म्हणायचं? बोलता बोलता कळलं की पानसेंची मॉरिशसची तिकिटंही यानेच काढली होती. म्हणजे आतून फितूर. मी कडक आवाजात सांगितलं, बुक करो, और किसी को बोलना नहीं. नॉन-रिफंडेबल घेतलं. माघार घेणाऱ्यांतला मी नाही, हे त्यालाही कळायला हवं.

चहा त्याचाच होता.

२ जून, शुक्रवार

तयारी. फहाहीलच्या बाजारातून आणलं: पोहण्याचा मास्क आणि नळी, गवताची हॅट, फुलाफुलांचा शर्ट, फोनसाठी वॉटरप्रूफ पिशवी. दुकानदाराने पिशवी पाण्याच्या ग्लासात बुडवून दाखवली. आत कागद होता, कोरडा राहिला. फोन कागदापेक्षा जाड असतो, म्हणजे आणखी सुरक्षित.

शर्ट घालून दाखवला. चारू म्हणाली, पडद्याचं कापड आहे का? हसली. अलीकडे हिला हसायला काहीही पुरतं.

१७ जून, शनिवार

पाण्याखालची प्रॅक्टिस सुरू. पानसे मॉरिशसला बोटीत बसले, पण पाण्यात उतरल्याचा एकही फोटो नव्हता. माझ्या लक्षात आहे. तिथे घाव घालायचा.

बिल्डिंगच्या पूलमध्ये मुलं हसतात, म्हणून घरच्या टबात. या दिवसांत गच्चीवरची टाकी तापून नळाला उकळतं पाणी येतं, तेव्हा सकाळी टब भरून ठेवायचा, संध्याकाळी निवतो. डोकं बुडवलं की पाय बाहेर येतात, पण श्वास जमतो. आज मास्क लावून खाली असताना जुईली दात घासायला आत आली. किंचाळली. मग म्हणाली, "आय कान्ट इव्हन."

काय 'कान्ट', ते सांगितलं नाही.

७ जुलै, शुक्रवार

पहिला बॉम्ब टाकला. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: 'पुढच्या आठवड्यात फॅमिलीसह एका छोट्याशा बेटावर. नेटवर्क मिळालं तर फोटो टाकेन.' मुद्दाम सहज.

निम्मं मंडळ भारतात. तिघांनी अंगठा दिला. पानसेंनी लिहिलं, "वा! छत्री घेतलीत ना?"

ग्रुपवरची भाषा सभ्य ठेवावी म्हणून उत्तर दिलं नाही. छत्र्या घेणार नाही, हे मात्र तिथल्या तिथे ठरलं. चारूने काढून ठेवलेल्या दोन्ही छत्र्या बॅगेतून काढल्या आणि पलंगाखाली सारल्या.

१३ जुलै, गुरुवार. सकाळ

आज निघायचं. बाहेर भट्टी. अशा उन्हातून हिरव्या बेटावर! पानसे आज शिफ्टवर आहेत, मी चौकशी केली.

निघण्यापूर्वी शेवटची प्रॅक्टिस करणार होतो. टबाला बूच लावून नळ सोडला तर पाणीच नाही. हारिस गच्चीवरून ओरडून सांगत होता की टाकी धुतोय. हारिस म्हणजे आमच्या बिल्डिंगचा राखणदार, यूसुफ. वर्षातून एकदा टाकी धुतो आणि नेमका आज. तेवढ्यात टॅक्सी आली, चारू हाका मारायला लागली. प्रॅक्टिस हुकली. असो. घराची जादा किल्ली यूसुफकडे दिली. गॅस बंद, दिवे बंद, सगळं नीट तपासलं.

निघालो.

१४ जुलै, शुक्रवार. संध्याकाळ

अजून बेटावर नाही. किनाऱ्यावरच्या गावात, धक्क्याजवळ, एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत. समुद्र खवळला म्हणून बोटी बंद. धक्क्यावरचा माणूस हात हलवून "टुमॉरो, टुमॉरो" म्हणत होता. कुवेतमध्ये बुक्रा, म्हणजे उद्या, ऐकायची सवय आहे, त्यामुळे माझा संयम टिकला.

पाऊस आहे. तुरळक नव्हे. विमानतळाच्या दारापासून टॅक्सीपर्यंत जाताना माझी हॅट खाली लोंबली ती अजून वर आलेली नाही.

चारू खिडकीत बसली आहे. टॅक्सीतही काच खाली करून हात बाहेर काढत होती. पत्र्यावर पडणारा आवाज ऐकतेय म्हणे. मी सांगितलं, हा संक्रमणाचा काळ आहे, उद्या उघडेल. ती म्हणाली, "नको उघडायला."

हल्ली ती माझ्या विरोधात बोलायचं म्हणून काहीही बोलते.

१५ जुलै, शनिवार

बेटावर पोचलो. प्रवासाचं वर्णन करत नाही. बोटीत माझ्याशेजारी बसलेल्या जर्मन माणसाने जागा बदलली, त्यातच सगळं आलं.

व्हिला फोटोतल्यासारखाच. डेक आहे, झोपाळा आहे. झोपाळ्यावर पाणी आहे. समोर समुद्र असावा, कारण आवाज येतो. दिसतं ते सगळं राखाडी. आकाश कुठे संपतं ते कळत नाही.

किनाऱ्यावर लाल झेंडा. पाण्यात पाऊल टाकलं की गार्ड शिट्टी वाजवतो. मी त्याला मास्क दाखवला, मी प्रॅक्टिस करून आलोय असं खुणेने सांगितलं. त्याने आणखी जोरात शिट्टी वाजवली.

ग्रुपवर आज फोटो नाही. पानसेंना वाट बघू दे.

१६ जुलै, रविवार. दुपार

दुर्घटना.

सकाळी जरा उजेड आला. तेवढ्यात एक तरी फोटो हवा म्हणून शर्ट, हॅट, सगळं घालून किनाऱ्यावर गेलो. शिट्टीवाला चहा पीत होता. जुईलीला म्हटलं, मी गुडघाभर पाण्यात उभा राहतो, तू काढ. फोन पिशवीत घातला होता. तिला पिशवीतून बटण दाबता येईना, म्हणून मीच हात लांब करून सेल्फी काढायला लागलो. हसायचं की गंभीर राहायचं हे ठरवत असताना मागून लाट आली.

हॅट गेली. मी सापडलो. फोनही सापडला, पिशवीसकट. पिशवीत पाणी होतं, अगदी काठोकाठ. एक थेंबही बाहेर सांडत नव्हता, त्या बाबतीत दुकानदार खरं बोलला.

फोन खलास. उजव्या कानात पाणी. चारू धावत आली, घाबरली होती, मला धरून वर आणलं. आणि मग दोघी हसायला लागल्या. इतक्या की वाळूत बसल्या. वरून पाऊस सुरू झाला तरी उठेनात.

मी एकटा खोलीत आलो.

१७ जुलै, सोमवार

ताप. कान ठणकतोय. पांघरूण घेऊन पडलोय.

त्या दोघी दिवसभर पावसात. रिसॉर्टच्या स्वयंपाकघरातल्या बाईने चारूला आत बोलावलं. भाषा एकीलाही येत नाही. दोघींनी मिळून केळीच्या पानात काहीतरी भाजलं. चारूने तिला पिठलं करून दाखवलं म्हणे. बेसन कुठून आलं? तर ही कुवेतहून घेऊन आली होती. छत्र्या काढल्या, पण बेसन माझ्या नजरेतून सुटलं.

जुईली स्वयंपाकघराच्या पत्र्याखाली बसून आईशी बोलत होती. मला खिडकीतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. खूप वेळ. फोन हातात नव्हता. काय एवढं बोलत होत्या?

संध्याकाळी खोलीत आली तेव्हा चारूचे केस ओले, चेहरा वेगळाच. म्हणाली, "दोन वर्षांत पोरगी एवढी बोलली नव्हती हो माझ्याशी. पुण्याला जायची भीती वाटते म्हणाली तिला. तुम्हाला माहीत होतं?"

माहीत नव्हतं. पण मी आजारी आहे.

१८ जुलै, मंगळवार

आज चारूच्या फोनवर यूसुफचा फोन आला. बिचारा ओरडत होता. "सर, मोया! बहुत मोया! नीचे वाला फ्लॅट में भी मोया!" मोया म्हणजे पाणी.

आमच्या घरात पाणी शिरलंय. कुवेतमध्ये, जुलैमध्ये. मी लगेच निदान केलं: एसीचा ड्रेन पाइप. बिल्डरची चूक. यूसुफ म्हणत होता बाथरूमचा नळ चालू होता, टब भरून वाहत होता, आता मोरीही तुंबली, पण त्याला तांत्रिक गोष्टींत गती नाही.

चारू माझ्याकडे बघत राहिली.  मग तिने सुरुचीवहिनींना फोन लावला. मी हातानेच नको नको म्हणत होतो. बाकी सगळे भारतात आहेत, दुसरं कोण जाणार, असं तिचं म्हणणं.

पानसे गेले. सलवाहून महबूलाला, ऐन दुपारी.

१९ जुलै, बुधवार

वाटलं होतं तेच झालं.

ग्रुपवर फोटो. आमच्या हॉलमध्ये पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात पोछा घेऊन, घोटाभर पाण्यात पानसे उभे. मागे त्यांचा आदित्य बादली उपसतोय. खाली ओळ: 'गायधनींचं प्रायव्हेट बीच. लाल झेंडा नाही!'

भारतातून, ओमानमधून, कुठकुठून लोकांनी हसणारे चेहरे टाकलेत. मंडळाच्या अध्यक्षांनीही. मोजत नाही, मोजून काय करायचं? मॉरिशसच्या फोटोंना याच्या निम्मेही नव्हते.

लाल झेंड्याचं त्यांना कोणी सांगितलं? चारूने. सुरुचीवहिनींना रोज सगळं सांगते म्हणे.

ती म्हणतेय, त्यांनी सुट्टीचा अख्खा दिवस आपल्या घरी फरशी पुसली, गालिचा गच्चीवर वाळत घातला, खालच्या फ्लॅटमधल्या इजिप्शियन कुटुंबाची माफी मागितली, तुमच्या वतीने. मी म्हणतो, फोटो काढायला वेळ मिळालाच ना?

संध्याकाळी जुईली माझ्या पलंगावर येऊन बसली. कपाळाला हात लावून बघितला. म्हणाली, "डॅड, यू नो, धिस इज द बेस्ट ट्रिप वी एव्हर टुक." मग मराठीत म्हणाली, "खरंच." आणि माझं पांघरूण नीट केलं.

समजूत घालत असणार. गुणी आहे. पण हे टीव्हीवर कसं दाखवणार?

२१ जुलै, शुक्रवार

घरी. फरशी लख्ख. आम्ही ठेवून गेलो होतो त्यापेक्षा स्वच्छ आहे, हे चारूने दोनदा सांगितलं. फ्रिजमध्ये दूध, अंडी आणि सुरुचीवहिनींच्या हातच्या पोळ्या. टबाचा नळ कोणीतरी घट्ट बंद करून त्याला सुतळी बांधून ठेवली आहे. हा टोमणा मला कळतो.

फोन दुरुस्तीवाल्याने फोन परत दिला. आतून वाळू निघाली.

निर्धार ढळलेला नाही. कार्यक्रम होणार. पुढच्या शुक्रवारी पानसे कुटुंब आपल्याकडे जेवायला.

२८ जुलै, शुक्रवार. संध्याकाळ

आत्ताच गेले सगळे. लिहून ठेवतो, कारण आज निर्णायक दिवस.

माझे फोटो नव्हते, म्हणून जुईलीच्या फोनवरचे लावले. दिवे मी बारीक केले. आधी बघून घ्यायला हवे होते. एकातही बेट असं दिसत नाही. नुसता पाऊस. चारू पावसात दोन्ही हात पसरून गोल फिरतेय. चारू आणि ती स्वयंपाकवाली बाई पत्र्याखाली पोटभर हसतायत. दोघी मायलेकी एकाच केळीच्या पानाखाली. एका व्हिडिओत मागे खिडकी, खिडकीत मी, पांघरुणात, तोंड उघडं. तो बराच लांब होता.

मी कॉमेंट्री करत होतो. मग लक्षात आलं की कोणी ऐकत नाही. हसतही नाहीत. पानसे पुढे सरकून बघत होते.

संपल्यावर सुरुचीवहिनी म्हणाल्या, "चारू, किती गं मजा केलीत." मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "आम्ही मॉरिशसला दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हतो. हे सारखे ऑफिसच्या कॉलवर. फोटोपुरते शेजारी उभे राहायचो."

पानसेंनी मान खाली घातली. म्हणाले, "खरंय." मग मला म्हणाले, "गायधनी, मला त्या बेटाचं नाव देता? ऑगस्टमध्ये रजा आहे माझी. असाच पाऊस हवाय. फोन बंद ठेवून भिजायचंय."

शत्रूने शस्त्र टाकलं! माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर! मी नाव दिलं. व्हिलाचा नंबर दिला. अफताबला स्वतः फोन केला. ऑगस्टमध्ये तिथे पाऊस जुलैहून जास्त, मी तक्ते बघितलेत. सांगितलं नाही. भिजा म्हणावं. बोटीतही बसा. वॉटरप्रूफ पिशवीही देऊ केली.

त्यांनी उठून माझा हात धरला. "तुमचे उपकार झाले" म्हणाले. डोळे जरा ओले होते. एसीमुळे असेल.

चारूने नंतर भांडी घासताना विचारलं, "आता झालं ना समाधान?" तिचा सूर मला नीटसा कळला नाही. झालं म्हणालो.

११ ऑगस्ट, शुक्रवार

पानसे निघाले. जाताना घराची किल्ली आमच्याकडे. सुरुचीवहिनींच्या काचबंद गॅलरीत कुंड्या आहेत, त्यांना रोज पाणी घालायचंय. चारूने परस्पर हो म्हटलं. तिची कंबर धरली आहे, म्हणून मी जायचं. रोज ऑफिसनंतर महबूलाहून सलवा, ट्रॅफिकमधून.

हरकत नाही. आज ते बोटीत असतील.

१३ ऑगस्ट, रविवार

ग्रुपवर फोटो.

निळं आकाश. इतकं निळं की मी फोन पुसला. समुद्र हिरवा, तळ दिसतोय. आमचाच डेक, आमचाच झोपाळा, त्यावर पानसे. खाली लिहिलंय, 'पाऊस शोधतोय! गायधनी, कुठे ठेवलात?'

एखादा दिवस उघडतो. निसर्ग आहे.

१६ ऑगस्ट, बुधवार

सलग उघडीप. पानसे पाण्याखाली, मास्क लावून, आजूबाजूला पिवळे मासे. हिरवा झेंडा. तो शिट्टीवाला त्यांच्या खांद्यावर हात टाकून उभा. दोघंही हसतायत.

आणखी एका फोटोत ते आणि सुरुचीवहिनी शेजारी शेजारी बसलेत, पाठमोरे. बोलत असावेत. हा फोटो आदित्यने काढला असेल. चारू तो बराच वेळ बघत होती. म्हणाली, "बरं झालं हो." कोणाचं बरं झालं?

मला राग आलाय आणि मी त्यांच्या गॅलरीत झारी घेऊन उभा आहे. रोजनिशी सोबत आणली म्हणून लिहितोय.

मनात एक विचार आला आहे. कोपऱ्यात एक मोठी कुंडी आहे. पसरट पानांचं कसलंतरी शोभेचं झाड. सुरुचीवहिनी जाताना म्हणाल्या होत्या, बाकीच्यांना बेताने घाला पाणी, पण कोपऱ्यातल्याला... आणि मग लिफ्ट आली, दार बंद झालं. पण सूर काळजीचा होता. नाजूक असणार. लाडकं असणार.

जास्त पाण्याने मुळं कुजतात, एवढं मलाही कळतं.

बाकीच्या कुंड्यांना झारीने घातलं. त्या एकीला बादलीने.

१९ ऑगस्ट, शनिवार

दोन बादल्या. कोणाला सांगायचं नाही. तिकडे ऊन आहे ना? इकडे पूर.

झाड अजून उभं आहे. उलट जरा फुगल्यासारखं वाटतं. कुजण्यापूर्वी असं होत असावं.

२२ ऑगस्ट, मंगळवार

रोज बादली चालू. आज यांत्रिकपणे भरत असताना जुईलीचा फोन आला. ती हल्ली संध्याकाळी मला फोन करते, कुठवर आलात म्हणून. मी म्हणालो, एका कामात आहे. ती म्हणाली, "डॅड, आर यू ओके?" मी ओके आहे. पुण्याची कॉलेजं बघत होती, बसून मदत करता का म्हणाली. उद्या करू म्हणालो. मग बादली अर्धीच ओतली आणि निघालो.

घरी गेलो, बसलो. एका कॉलेजची फॅकल्टी मला पटली नाही. तिला पटली. थोडं भांडण झालं. बरं वाटलं.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

पानसे परत आले. आज किल्ली द्यायला तिघं सलवाला गेलो. मी मागे मागेच राहिलो होतो. दुःखी चेहरा तयार ठेवला होता, काय बोलायचं तेही ठरवलं होतं: उन्हाळाच असा आहे, मी माझ्याकडून प्रयत्न केले.

पानसे उन्हाने रापलेले. दार उघडल्या उघडल्या त्यांनी मला मिठी मारली. मग सुरुचीवहिनींनी गॅलरीतून हाक मारली. गेलो.

कोपऱ्यातल्या कुंडीत पानं नव्हती, सुपं होती. एकेक सुपाएवढं. पाच-सहा नवे कोंब फुटलेले. सुरुचीवहिनी कुंडीशेजारी उभ्या राहून पानांवरून हात फिरवत होत्या.

चारू म्हणाली, "अहो, केवढा झालाय हा अळू!"

अळू.

"लिफ्टचं दार लागलं नि सांगायचं राहिलं," सुरुचीवहिनी म्हणाल्या, "की याला भरपूर पाणी लागतं. म्हटलं, संपला आता माझा अळू. पण तुम्ही न सांगता ओळखलंत, भाऊजी."

पानसे म्हणाले, "गायधनींच्या हाताला गुण आहे." त्यांनी मला कुंडीशेजारी उभं केलं, पान हातात दिलं आणि फोटो काढून ग्रुपवर टाकला. चारू हसली. जुईली पण. बरेच अंगठे आलेत.

पुढच्या वेळीही किल्ली माझ्याकडेच, असं परस्पर ठरलं. येताना अळूवड्यांचा डबा दिला. गाडीतच उघडला. अळूवड्या मला आवडतात, पण तो वेगळा मुद्दा.